कठड्यावरची लुगडी

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कराडच्या खाली कालवा आमच्या गावाला खेटूनच जायचा. काठ ढासळला होता, माणसं-गुरं पाण्यात घसरायची. शेवटी पाटबंधारे खात्यानं लोखंडी पाइप द्यायचे आणि ग्रामपंचायतीनं माणसं, असं ठरलं. मी पंचायतीचा मेंबर. आठवडाभर खपून कठडा उभा केला, तर दुसऱ्याच दिवशी धुणं धुणाऱ्या बायकांनी त्यावर नऊवारी लुगडी वाळत घातली.

माझं डोकंच फिरलं. "कठडा म्हंजी काय कापडं वाळवायची दोरी हाय व्हय? काढा समदी!"

शेजारची म्हातारी काकी लुगडी काढायला लागली. मी तणतणतच पाइप हलतोय का बघायला कठड्यापलीकडं उतरलो. शेवाळावरनं पाय सटकला आणि मी थेट पाण्यात. कठडा काही हाताला येईना. काकीनं हातातल्या लुगड्याचं एक टोक कठड्याला गुंडाळलं, दुसरं माझ्याकडं फेकलं आणि सगळ्या बायकांनी मिळून मला वर ओढलं.

मी धापा टाकत बसलो. काकीनं तेच लुगडं पिळलं आणि शांतपणे विचारलं, "सांग रं मेंबर, आता ह्ये कुठं वाळत घालू?"