पाचवा फाऊल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्याबद्दलचं बहुतेक सगळं मी न सांगताच ठाऊक असतं. आज तुम्हाला का सांगतोय? लपवून ठेवण्याचाही शेवटी कंटाळा येतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात एका सरकारी खात्याने बास्केटबॉलचा संघ उभा केला. मी त्यात होतो. कागदोपत्री आम्ही हंगामी कारकून; सकाळी हजेरी लावायची आणि दुपारी सिमेंटच्या कोर्टवर घाम गाळायचा. हंगाम संपला की एकाच खेळाडूला कायम करू, असं मोठ्या साहेबांनी जाहीर केलं होतं. दावेदार दोन — मी आणि महाल भागातला देवीदास.

देवीदास माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. हे लिहितानाही — जाऊ द्या, लिहिलं. त्याच्या घरचे माग बंद पडले होते. सगळं घर त्याच्या पगारावर. माझे वडील शिक्षक. मला नोकरी मिळाली नसती, तर फार तर बोलणी खावी लागली असती.

साखळी सामने आम्ही रडतखडत काढले. बाद फेरीत मात्र काय संचारलं कोण जाणे — थेट उपांत्य सामना गाठला. कोर्टच्या कडेला साहेबांसाठी सोफा मांडलेला, शेजारी पाण्याचा जग घेऊन शिपाई. साहेबांना खेळातलं काही कळत नसे. मैदानातून कोण बाहेर जातो, एवढं दिसत असे.

तेव्हाची रीत अशी की पंचाची शिट्टी वाजली, की ज्याने फाऊल केला त्याने स्वतः हात वर करायचा. पाच फाऊल झाले की बाहेर. सामना संपत आला तेव्हा माझे चार झाले होते, देवीदासचेही चार. बास्केटखाली गर्दी झाली आणि मी समोरच्याच्या मनगटावर फटका मारला. मीच. पंचाला नीट दिसलं नव्हतं. शिट्टी वाजवून तो थांबला — कोणाचा हात वर होतो ते पाहत.

माझे हात कमरेवर होते. तिथेच राहिले.

पंचाने देवीदासचा नंबर दाखवला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग, पंचाशी वाद घालायचा नाही म्हणून, हात वर केला आणि बाहेर गेला. बाकावरून ओरडायला लागला, "सोडू नको गा त्याले! दाबून धर!"

आम्ही तो सामना जिंकलो. पुढे अंतिम सामना हरलो, तरी सत्कार झालाच. साहेब खिलाडूवृत्तीवर बराच वेळ बोलले. ऐन वेळी ज्याचा तोल जात नाही अशाला कायम करतोय, म्हणाले, आणि हार माझ्या गळ्यात घातला. त्या भाषणाला मी मनातल्या मनात हसलो. असल्या भाषणांना हसायची मला सवयच होती. पण हार काढला का? नाही.

देवीदास कन्हानकडे खाणीत लागला. काही वर्षांनी बस स्टँडवर भेटला — खांदे उतरलेले, खोकला लागलेला.

"काहून गा, ओळखलं नाही का मले?"

मी काहीतरी पुटपुटलो. तो हसला. म्हणाला, "मी वाट पाहून राहिलो होतो ना तुही. वाटलं, आज नाही तं उद्या साहेबाकडे जाशीन."

मी गेलो नव्हतो. त्या दिवसानंतरही गेलो नाही. ती जागा त्याची होती. मी तिच्यावर निवृत्तीपर्यंत बसलो.