नानांचा हात आणि रोह्याचं इंजेक्शन

आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात शाडूची ढेकळं जशी कोपऱ्यात साठतात, तसेच किस्से साठतात. फेकत कोणी नाय. पाणी मारलं की माती पुन्हा कामाला येते. मी चौथीत शाळा सोडली, तेव्हापासून माती तुडवतोय. तेव्हा माझ्या भाषेच्या चुका काढू नका. काढायच्याच असतील तर आधी चार दिवस येऊन माती तुडवा!

*

सगळं सुरू झालं नानांच्या हातापासून.

नाना म्हणजे आमचे डोळे आखणारे. वय बहात्तर. मूर्ती कोणी पण रंगवू दे, डोळे नानांचेच. पण हल्ली दुपार झाली की त्यांचा हात थरथरायचा, बसल्या जागी डुलकी लागायची. एकदा तर ब्रश हातात नि घोरणं चालू!

मालक सुरेश हा नानांचा पुतण्या. तो म्हणाला, "काका, यंदापासून डोळे माझी पोरगी आखेल. मुंबईला शिकून आलीय. तुम्ही खुर्चीवर बसून सांगा."

"खुर्चीवर तू बस," नाना म्हणाले. "तुला सवय हाय."

दोन दिवस दोघं बोलेनात. शेवटी असं ठरलं. गडब गावच्या एक बाई आहेत, रिटायर शाळामास्तरीण. त्या वर्षानुवर्षं नानांनी डोळे आखलेलाच गणपती नेतात. यंदा पण त्यांच्या गणपतीचे डोळे नाना आखणार. बाईंनी नाक मुरडलं तर ब्रश पोरीकडे, कायमचा.

*

रोह्याला माझा मेहुणा राहतो, बबन. कंपनीतून रिटायर झालेला, म्हणजे दिवसभर फोन बघायला मोकळा. त्याने शोध लावला की म्हातारपण असं काय नसतंच, अंगातलं पुरुषाचं हार्मोन कमी झालेलं असतं! गेला तिथल्याच डॉक्टरकडे.

डॉक्टरने विचारलं, "सकाळी उठल्यावर थकवा वाटतो का?"

"पस्तीस वर्षं नाइट शिफ्ट केली, साहेब. सकाळी थकायचं नाय तर कधी थकायचं?"

तरी रक्त तपासलं. खरंच कमी निघालं. डॉक्टरने जेल दिलं, रोज खांद्याला चोळायचं.

*

आता बबनचा खांदा जुना दुखणारा. माझी बहीण सुमन रोज तेल लावून तो रगडून देते. डॉक्टरने बजावलं होतं, जेल लावलं की खांदा झाका, दुसऱ्याच्या अंगाला लागू देऊ नका. पण बबनने आयुष्यात कोणाचं ऐकलंय?

काही महिन्यांनी सुमनच्या हनुवटीवर केस! ती तशीच दवाखान्यात जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, औषध ह्यांना नि दाढी मला?"

जेल बंद. बबनला इंजेक्शन चालू.

*

सुमनचं पण औषध होतंच. पाळी गेल्यापासून तिच्या अंगातून वाफा निघायच्या, झोप नाय, सारखी चिडचिड. डॉक्टरीणबाईने तिला हार्मोनची पट्टी दिली, पोटावर चिकटवायची. बबनला वाटलं कंबरदुखीची. काढली पाकिटातून, लावली आपल्या कमरेला, नि दिवसभर ऐटीत फिरला.

"अवो, ती माझी पट्टी!" सुमन ओरडली.

"मग मला एवढं बरं का वाटतंय?"

*

हे सगळं ऐकून शहाणा माणूस रोह्याच्या वाटेला गेला नसता. नाना म्हणाले, "माझ्या हाताला जोर येतो का बघू. चल." एसटीने गेलो.

डॉक्टरने विचारलं, "आजोबा, इच्छा कमी झालीय का?"

"नाय. इच्छा हाय म्हणून तर आलो."

"कसली?"

"डोळे आखायची."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे बघितलं.

दोनदा सकाळी सकाळी रक्त घेतलं, दोन्ही वेळा कमी. प्रोस्टेट पण तपासलं. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाला, "इंजेक्शनने अंगात जोर वाटेल कदाचित. पण हाताची गॅरंटी मी देत नाही."

"आम्ही पण गणपतीची देत नाय," नाना म्हणाले. "उंबऱ्याबाहेर फुटला तर तुमचा."

निघताना डॉक्टर मला म्हणाला, "तुमचं पण रक्त तपासू या का?"

"मी म्हातारा झालोय ते मला माहीत हाय. त्याला रक्त कशाला सांडायचं?"

*

तिसरं इंजेक्शन झालं नि नानांची बायको, शेवंतावहिनी, कारखान्यात येऊन थडकली.

"सुरेश, तुझ्या काकाला आवर. उजाडायच्या आत उठून अंगण झाडतात, चहा करतात, नि माझ्याशी बोलत बसतात! पन्नास वर्षांत हा माणूस एवढा बोलला नाय!"

"मग मी काय करू, काकी?"

"त्यांचं औषध बंद कर. नाय तर मला पण चालू कर!"

*

गणपतीला महिना राहिला नि डॉक्टरनेच इंजेक्शन थांबवलं. तपासणीत रक्त घट्ट झालेलं निघालं. आमचं काम ऐन भरात, नि बाईंचा गणपती अजून आंधळा!

नाना म्हणाले, "घट्ट झालं तर काय झालं? शाडू घट्ट झाला की आम्ही पाणी मारतो."

"शाडूला झटका येत नाही, नाना," डॉक्टर म्हणाला.

येताना अख्ख्या रस्त्यात नाना बोलले नाहीत. वहिनीला किती बरं वाटलं असतं!

*

बाईंच्या गणपतीचे डोळे आखायच्या दिवशी नानांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मी जातोय कुठे? दारातच उभा राहिलो. उजवं मनगट त्यांनी डाव्या हाताने गच्च धरलं नि श्वास कोंडला. हात थरथरत होता तो थरथरतच होता. पण आखले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात नवा रुमाल. नेताना गणपतीचं तोंड झाकायची रीत आहे, त्यासाठी. मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. जरा डावीकडे सरकल्या. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. त्या जिकडे सरकतील, तिकडे गणपतीचे डोळे त्यांच्या मागे. नाना ब्रश धुवत होते. तो ब्रश कधीचा धुऊन झाला होता.

सुरेश पुढे झाला. "बाई, डोळे जमले नसतील तर सांगा. पोरगी आत्ता दुरुस्त करून देईल."

"हात लावशील तर बघ!" बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पण मला नानांचेच डोळे पाहिजेत."

मग त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून नीट ओढून घेतला नि नमस्काराला वाकायला गेल्या. अर्ध्यातच थांबल्या. सरळ झाल्या. रुमाल माझ्या हातात दिला.

"आधी ह्याच्या तोंडावर टाका," त्या म्हणाल्या. "मग मी वाकते."