जुळलेलं स्थळ

पारनेरला ती आमच्या शेजारी राहते; तिचे वडील, आप्पा, गेल्यापासून ती आणि तिची आई दोघीच. विषाणूचं कुठलं प्रथिन माणसाच्या पेशीतल्या कुठल्या प्रथिनाला बिलगतं, याचा नकाशा ती लॅपटॉपवर मांडते. त्या बिलगण्याला ती सोयरीक म्हणते. बोलता बोलता बोटानं हवेत रेघा ओढते, आणि मग समोर बसलेली मी तिला दिसेनाशी होते.

परवा उन्हं कलताना आम्ही लॅपटॉप घेऊन गच्चीवर होतो. ती एकदम कठड्यावरून वाकून ओरडली, "आई, जुळलं!"

तिची आई मूठभर साखर घेऊन वर आली. "कुठलं हाय स्थळ?"

"फुप्फुसातलं," ती हळूच म्हणाली. "ज्यानं आप्पांना नेलं, त्या विषाणूचं."

आई स्क्रीनवरच्या रेघेकडे बघत राहिली. साखर बोटांतून गळत होती.

"मंग मोड ती सोयरीक," आई म्हणाली.