न झालेल्या राज्याचा सीएम

सीएम साहेब 'महाराष्ट्र' हा शब्द तोंडातून काढत नसत. पुण्यामुंबईला ते 'तिकडं' म्हणत आणि म्हणून झालं की पचकन थुंकत. घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची उसाची मोठी जमीन होती आणि डोक्यात एकच गोष्ट होती, मराठवाड्याचं वेगळं राज्य. म्हणून गाव त्यांना पाठीमागे सीएम म्हणायचं. पुढे तोंडावरही म्हणू लागलं. त्यांना राग आला नाही. खरंच वाटलं असावं.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात मी मेथी-शेपूच्या जुड्या घेऊन बसायचे. समोरच्या हॉटेलाच्या बाकावर चढून सीएम बोलायचे. "आपण बिनशर्त सामील झालो, तिथंच फसलो! वर धरणं बांधली त्यांनी, पाणी अडवलं त्यांनी, अन् आपल्याला सांगतात, एकत्र राहा. आपला कारभार आपल्या हातात द्या!" माझी शाळा चौथीपर्यंत झालेली. 'अनुशेष' हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले. आपल्या वाट्याचं असून जे दिलं गेलं नाही, तो अनुशेष. बोलणं पटायचं. खोटं सांगत नाही, माणूस पैसे खाणाराही नव्हता.

पण गावातल्या बायकांना ते 'काकू' म्हणत, 'माय' म्हणत, आणि मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठी असून मला 'ए भागाबाई'. आमची वस्ती नाल्यापलीकडे. आम्ही बौद्ध, आणि शेजारी मुसलमानांची घरं. मोर्चा असला की सीएमचा ट्रॅक्टर आधी आमच्याकडे यायचा. "चला, जल्दी बसा! राज्य सगळ्यांचं हाय." जालन्याला कलेक्टर कचेरीसमोर आम्ही उन्हात बसायचो आणि मांडवाखाली स्टेजवर त्यांचे भाऊबंद. आमचे शकूरभाई शिंपी एकदा म्हणाले, "साब, अपने राज में स्टेज जरा बडा बांधो." सगळे हसले. सीएमही हसले. स्टेज तेवढंच राहिलं.

वस्तीचं दुखणं पाण्याचं होतं. टाकी गावात, नळ सोडणारा गावातला. गावाचं भरून उरलं तर पाणी नाला ओलांडायचं. पंचायतीत आमचे मेंबर होते, पण सही करण्यापुरते. शेवटी वस्तीने ठरवलं, आपली ग्रामपंचायत वेगळी मागायची. त्यासाठी आधी गावच्या ग्रामसभेत ठराव पास व्हायला हवा होता. आम्हाला वाटलं, बाकी कोणी नसलं तरी सीएम आपल्या बाजूने असणार. त्यांचा हात वर गेला की अर्ध्या गावाचा जातो. इतकी वर्षं त्यांचं भाषण ऐकून आम्ही एवढे खुळे झालो होतो.

सभा मारुतीच्या पारावर भरली. मी उभी राहिले आणि त्यांचंच भाषण म्हटलं. धरणाच्या जागी टाकी घातली, तिकडच्यांच्या जागी गाव घातलं. "आमच्या वस्तीचाबी अनुशेष हाय. आमचा कारभार आमच्या हातात द्या." लोक सीएमकडे बघायला लागले.

सीएम उठले. "गाव फोडून राह्यले का तुम्ही? एवढ्याशा वस्तीची पंचायत! खर्चा कोण करणार? एकत्र राहण्यातच तुमचं भलं हाय."

"तिकडचे तुम्हाला असंच म्हणतात ना, साहेब?"

"ते येगळं."

"काय येगळं?"

"ते राज्य हाय. हे घर हाय. घरात वाटा मागायला तुम्ही काय..."

पुढचे शब्द त्यांनी गिळले. पारावर सगळ्यांना ते कळले होते. ठरावाच्या विरोधात त्यांचा हात वर गेला आणि मागोमाग गावाचा. ठराव पडला.

पुढच्या मोर्चाला ट्रॅक्टर पुन्हा वस्तीत आला. या वेळी सीएम स्वतः होते, ट्रॉलीत सतरंजी टाकून आणली होती. कोणी उठलं नाही. शकूरभाईंनी मशीनवरचा पाय काढला नाही. मी तांदूळ निवडत होते.

"ए भागाबाई, काय झालं सगळ्यांना?"

"काय न्हाई. बसलोत."

"अगं, मोर्चा पडंल माझा! कलेक्टर काय म्हणंल, एवढीच माणसं?"

"मंग घरचे न्या. घर हाय ना तुमचं."

त्यांनी सतरंजी गुंडाळली. मग रिकामी ट्रॉली खडखडत गेली. त्यानंतर जालन्याला मोर्चा निघाला नाही.

मागच्या उन्हाळ्यात ते वारले. गावात फलक लागला, त्यावर 'मराठवाड्याचा वाघ' लिहिलं होतं. मातीला मी गेले नाही. बोलायला त्यांच्यामुळे शिकले, हे मानते. त्याहून जास्त मला मानता येत नाही.

यंदाच्या ग्रामसभेत आम्ही ठराव पुन्हा ठेवतो आहोत. त्यांचा मुलगा परवा येऊन गेला. म्हणाला, "आबांना जाऊन वर्ष झालं न्हाई, अन् तुमचं लगेच सुरू?"

मी त्याला आमच्या नळाखालची पत्र्याची घागर वाकडी करून दाखवली. तळाला पाण्याचा थेंब नव्हता, नुसता गंज होता.