येऊ दे, मातामाय

देवाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक शांत स्वभावाची असतात. मी नाही. मी मातामायशी चौदा वर्षं भांडलो आहे. राईस मिलच्या घरघराटात माझा जन्म गेला, त्यामुळे मी सिहोऱ्यात कुजबुजलो तरी मध्य प्रदेशच्या हद्दीवर, बपेऱ्याच्या नाक्यावर ऐकू जातं. आमच्या गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली शेंदूर फासलेले पाच दगड आहेत, तीच आमची मातामाय. तिच्यापुढे उभा राहून मी एकदा असा ओरडलो की झाडावरचे बगळे मध्य प्रदेशात राहायला गेले. एव्हाना तिकडचं रेशन कार्डही निघालं असेल त्यांचं.

भांडणाचं कारण माझी मुलगी. नाव पौर्णिमा, घरी पुनी. नऊ वर्षांची असताना तिला शाळेच्या पटांगणात पहिली फीट आली. भोवती माणसं जमली आणि त्यातल्या एकाने तिच्या नाकाला चप्पल लावली. त्याचं नाव मला माहीत आहे. इथं लिहीत नाही, पण बाबा, तू हे वाचत असशील तर समजून घे, मी विसरलो नाही. पुढे हेडमास्तरांनी बोलावलं. बाकीची मुलं भितात, पोरीला घरीच ठेवा, म्हणाले. मोठी झाली तशी पाहुणे पाहायला यायचे, पोहे खायचे, कोणाकडून तरी कळायचं आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. पोरीने बाहेरून बारावी केली, शिवणकाम शिकली, पण चौदा वर्षं तिला विहिरीवर एकटं जाता आलं नाही. मी एकदा विचारलं, बेटा, बरी झालीस तर काय करशील? मला वाटलं, नागपूर म्हणेल, नोकरी म्हणेल. ती म्हणाली, “बाबा, मले कडी लावून आंघोळ कराची हाय.” त्या दिवशी मी मातामायपुढे जाऊन जे बोललो ते छापता येण्याजोगं नाही.

तिच्या फीटची एक चाल होती. आधी डाव्या तळहाताला मुंग्या, मग बोटांचा चाळा, मग झटका खांद्यापर्यंत, मग पोरगी जमिनीवर. पहिल्याच वर्षी मला एक गोष्ट सापडली. मुंग्या आल्याबरोबर तिचा तळहात घट्ट धरून जोरात चोळला तर कधीकधी फीट तिथंच मोडायची. मी गावात सांगायचो, दहातल्या नऊ मोडतो. खरं म्हणजे तीन किंवा चार. पण गावाला नऊच आवडल्या. लोक सर्दीखोकल्याची लेकरं घेऊन यायचे, भाऊ, तुमचा हात लावा म्हणायचे. मी लावायचो! पोत्यांनी घट्टे पडलेल्या या हाताचा मला एवढा गर्व झाला होता की आरशात तोंडाआधी मी हात पाहायचो.

गोळ्या बदलून बदलून थकलो, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला लांबच्या एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं. फीट जिथून उठते ती जागा कापून काढता येईल, पण फोटोत ती नीट दिसत नाही. डाव्या हाताला चालवणारी जागा तिच्या अगदी शेजारी असावी. फीट हाताच्याच जागेतून उठत असेल तर ऑपरेशन नाही, कारण हात जाईल. बाजूला असेल तर करता येईल. म्हणून कवटीला बारीक भोकं पाडून मेंदूत दहा-बारा पातळ तारा बसवायच्या, गोळ्या कमी करायच्या आणि फीटची वाट पाहायची. पहिली ठिणगी कोणत्या तारेजवळ पडते ते यंत्र सांगेल.

मी हादरलो. पुनी मात्र शांतपणे म्हणाली, “बरोबर हाय बाबा. बांधीची पार कुठून फुटली हे कोरड्या बांधीत थोडीच समजते? पानी वाहू द्या लागते.” बांधी म्हणजे धानाचं खाचर, पार म्हणजे त्याचा बांध; धानाच्या शेतात वाढलेली पोरगी ती. तिच्या बापाला जे समजलं नाही ते तिला अर्ध्या मिनिटात समजलं.

तारा बसल्या. डोक्याला पांढरं बँडेज, त्यातून निघालेल्या तारांची वेणी थेट यंत्रात आणि भिंतीवर कॅमेरा. माझ्या हातात एक बटण दिलं होतं. फीट आली की ते दाबायचं, तिला हाक मारायची, धरायचं नाही. हे सगळं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. डॉक्टर बोलले की मी मान डोलावतो, ऐकतो असं नाही.

आणि मग फीट येईना. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. बोटं जराशी हलायची आणि थांबायची. यंत्रावर सुरुवात व्हायची आणि विझायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्ण फीट दिसल्याशिवाय ठरवता येणार नाही, आणि तारा फार दिवस ठेवता येत नाहीत, जंतूंची भीती असते. दोन दिवसांत काही झालं नाही तर काढाव्या लागतील. म्हणजे चौदा वर्षं जी फीट नको म्हणून कपाळ फोडलं ती बाई तेव्हा आठवड्याला तीनदा यायची, लग्नात यायची, पोळ्याला यायची. आता बोलावतोय तर पत्ता नाही! मी संतापलो. मनात म्हणालो, मातामाय, तुला ऐकू यायला चौदा वर्षं लागली, आणि ऐकलंस तेही या आठवड्यात?

त्याच रागात मी व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला.

“अजी, पुनीची तब्येत कशी हाय?” बायकोने विचारलं.

“एकदम चांगली हाय, हेच तर वाईट हाय! तू काय करून राहिली तिकडं?”

“काय करीन? रोज सकाळी मातामायले पानी घालतो. सारं गाव नवस बोलून राहिलं, पोरीले एकबी फीट येऊ नये म्हून. एकवीस नारळ झाले.”

“बंद कर! सारं बंद कर! सरपंचाले सांग, भजनी मंडळाले सांग. फीट येऊ दे म्हना! मोठी येऊ दे म्हना!”

पलीकडे बायकोने दार लोटल्याचा आवाज आला. मग हळूच, “अजी, तिथं तुमालेबी कोनी तपासलं का?”

व्हरांड्यातली सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. त्यातली निळ्या साडीतली, पोछा मारणारी एक बाई जवळ आली. त्या परक्या शहरात आठ दिवस मी हिंदी बोलून तोंड वाकडं केलं होतं, आणि ही म्हणते, “काय जी, कायले एवढं बोंबलून राहिले? कोनत्या गावचे?” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ती मूळची आमच्याच जिल्ह्यातल्या लाखनीची, लग्न होऊन इकडे आलेली. मी तिला सगळं सांगितलं, मातामायचा बेइमानपणासुद्धा. ती हसली. “तुमची मातामाय मले मालूम नाही, भाऊ. आमच्या घरी बुद्धवंदना होते, नवस-बिवस नाही. पन एक सांगू का? राग नोका मानू.”

ती माझ्यासोबत पुनीच्या खाटेजवळ आली. “मी पाच दिवसांपासून इथं फरशी पुसून राहिली. पाच दिवसांपासून तुमचा हात पाहून राहिली. पोरीची बोटं हलली का तुमी तिचा हात दाबता, चोळता. तोंडानं ‘ये’ म्हनता आन हातानं हाकलून देता.”

मी भडकलो. “मी? मी तर रोज हात जोडून बोलावतो तिले! बाई, तुमी फरशी पुसा, डॉक्टरकी नोका करू.” हे शब्द आज लिहितानाही लाज वाटते.

ती जराही दबली नाही. “फरशीच पुसतो जी. पन डोळे घरी ठेवून नाही येत.”

तेवढ्यात पुनी म्हणाली, “बाबा, खरं हाय ते. झोपेतबी दाबता तुमी.”

“मंग तू सांगतलं काहून नाही?”

ती छताकडे पाहत म्हणाली, “तुमाले बरं वाटते म्हून.”

आयुष्यात मला कोणी गप्प केलं नव्हतं. माझ्या बापाला जमलं नाही, मिलमालकाला जमलं नाही. त्या चार शब्दांनी केलं. मी माझा हात पाहिला. तो तेव्हाही तिच्या मनगटावर होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ज्या हाताचा मी गर्व मिरवला तोच पाच दिवस माझ्या पोरीच्या सुटकेच्या आड उभा होता, आणि मी शिव्या मात्र देवीला देत होतो. राग उतरला नाही. फक्त त्याची दिशा फिरली, आणि समोर मीच उभा होतो.

मी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. कॅमेऱ्यात माझ्या पाठीआड हात दिसत नव्हता; त्या रागावल्या, तेही बरोबरच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीजवळच्या स्टुलावर बसलो, एका हातात बटण, दुसरा हात मांडीखाली दाबून. सकाळचा चहा झाला होता. पुनी म्हणाली, “बाबा, मुंग्या आल्या.” आणि चौदा वर्षांच्या सवयीनं तिनं डावा हात माझ्याकडे लांब केला.

मी बटण दाबलं. मांडीखालचा हात पेटल्यासारखा झाला होता. “पुनी, मी इथंच हाय,” म्हणालो आणि जागचा हललो नाही. तिची बोटं हवेत मला शोधत होती. मग चाळा, मग झटका, मग मान वळली. नर्स धावत आल्या, तिला कुशीवर घेतलं. मी भांडलो नाही, सौदा केला नाही. फक्त म्हणत होतो, येऊ दे, मातामाय, येऊ दे. दोन मिनिटं, असं घड्याळ म्हणतं. घड्याळाला काय कळतं! इतकी वर्षं मी त्या फीटशी कुस्ती खेळत होतो. त्या दिवशी प्रथमच पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो वाकडा झाला, निळसर झाला, आणि मग हळूहळू पुन्हा माझ्या पुनीचा झाला.

त्या दिवशी आणखी एक आली, दुसऱ्या दिवशी तिसरी. तिन्ही एकाच तारेजवळून उठल्या. नंतर तारांतून अगदी हलका करंट देऊन हाताची जागा तपासली, तेव्हा पुनीचा अंगठा आपोआप उडाला आणि ती खुदकन हसली. दोन्ही जागांमध्ये बोटभर अंतर निघालं. बोटभर! दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. हात काही आठवडे अशक्त होता, मग सुधारला. गोळ्या चालू आहेत. दीड वर्ष झालं, फीट नाही. पुढचं मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आता आणत नाही.

असल्या अनुभवांत ती अनोळखी बाई नंतर कुणाला सापडत नाही, चौकशी केली तर अशी कोणी इथं कामालाच नव्हती असं कळतं. मलाही तसं लिहायचा मोह झाला, माझा स्वभावच तसा. पण ती सापडली. लिफ्टजवळ बसून भाकर खात होती. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. पुढे गावाहून आणलेला मातामायचा नारळ दिला तर म्हणाली, “प्रसाद म्हून नाही घेत जी, खोबरं म्हून घेतो. चटनी होते.” निरोप पाठवायला मातामायनं बाई निवडली तीही तिला न मानणारी, की कोणीच कोणाला पाठवलं नव्हतं आणि एका बाईचे डोळे फक्त उघडे होते? मी यावर वाद घालत नाही. दोघींचाही ऋणी आहे.

राग पूर्ण गेला असं म्हणालो तर ती माझी सगळ्यात मोठी थाप ठरेल. ती चौदा वर्षं कशासाठी, हे मी शिवेवर जाऊन आजही विचारतो. फक्त मागणं बदललं आहे. पूर्वी म्हणायचो, हे दे, ते थांबव, आत्ताच्या आत्ता. आता पाणी घालतो आणि म्हणतो, माय, तुझं जे काम चालू असेल ते चालू दे. मला तेवढं मधे येऊ देऊ नको.