राजाराणीची वाटणी

डाव्या हाताने चष्मा कपाळावर चढवायचा, खडू बोटांत फिरवायचा आणि म्हणायचं, "हे परीक्षेला नाही येणार. पण घरी येईल." एवढं ऐकलं की व्हरांड्यातून जाणाऱ्यालाही कळे, सरांचा इतिहासाचा तास चालू आहे.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवत होते. आमच्या वर्गांमधली भिंत अशी की तिकडची शिंकसुद्धा इकडे ऐकू यावी. त्यामुळे इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री इतक्या वेळा माझ्या कानांवर पडला, की तो मला नात्यातला वाटू लागला. पुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी होत्या. सर त्याला दोन दिवस देत आणि मग मार्चमध्ये उरलेला अभ्यासक्रम घोड्यावर बसवून पळवत.

सरांच्या तोंडून ऐकला की तो राजा म्हणजे आमच्या शनवारा बाजारातला एखादा बडा व्यापारी वाटे. "इस्टेट मोठी भई! अर्धा फ्रान्स त्याच्या ताब्यात. बायको तिकडचीच, माहेर तालेवार, ती काय दबणार? आणि मुलं एकापेक्षा एक." मग आवाज खाली येई. "आता राजाने चूक काय केली? स्वतः जिवंत असताना थोरल्याला मुकुट घातला. पगडी बांधून दिली म्हणा ना. आणि तिजोरीची किल्ली? ती आपल्याच कमरेला!"

मुलं हसत. आमच्याकडे बापाच्या तेराव्याला थोरल्याला पगडी बांधतात. जिवंत बापाने ती बांधायची हे ऐकून मागच्या बाकावरचेसुद्धा सावरून बसत.

पुढे थोरला बापावर उलटला, आईने मुलांची बाजू घेतली आणि राजाने राणीला वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं. सगळ्यांत धाकटा बापाचा लाडका. त्याच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं, म्हणून राजाने त्याला थोरल्याच्या वाट्यातले दोन-चार किल्ले द्यायला काढले आणि त्यातूनच तर आग लागली होती. शेवटी आजारी राजाला कळलं, की आपल्यावर उलटलेल्यांत तो धाकटाही आहे. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. इथे सर पुस्तक मिटत.

तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील. जगाच्या घरातली भांडणं त्यांना तोंडपाठ असतात आणि स्वतःच्या घरात डब्यात साखर कुठे असते ते ठाऊक नसतं. सरांनाही ठाऊक नव्हतं. ते सगळं काकूंकडे, त्यांच्या बायकोकडे होतं.

सरांना तीन मुलं. जवळच्या जसोंडी गावाला केळीची शेती, इथे गावात कापड विणायच्या लूमची छोटी शेड आणि आमच्या पलीकडच्या गल्लीत घर. निवृत्त झाल्या वर्षी ते मावा जिलेबीचा पुडा घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, "वाटणी करून टाकली, मॅडम. मी काय हेन्री नाही. किल्लीसकट दिलं!"

थोरल्याला शेती दिली, मधल्याला लूम. धाकट्याचं कुठेच बस्तान बसत नव्हतं आणि सरांचा जीव त्याच्यावरच, म्हणून त्याला घर. मी विचारलं, "आणि तुम्हा दोघांना काय, सर?"

"आम्हाला काय करायचंय? तिन्ही घरं आमचीच ना!"

जिलेबी फार छान होती, हे आठवलं की आजही माझा संताप होतो.

वर्षही सरलं नाही. थोरला म्हणाला, शेतावर मजुरांचा स्वयंपाक असतो, लहान मुलं आहेत, आईला आमच्याकडे राहू द्या. मधल्याने जागा नाही म्हणून हात वर केले. धाकटा म्हणाला, बाबा इथे आहेत तसे राहोत, पण दोघांचं करणं माझ्या बायकोला झेपायचं नाही. कोणीही आवाज चढवला नाही. काकू एका पिशवीत लुगडी भरून जसोंडीला गेल्या.

"सगळं वाटून झालं, मॅडम. आम्ही दोघंच राहिलो होतो वाटायचे," सर मला म्हणाले आणि एकटेच हसले.

मग दर रविवारी सर बसने जसोंडीला जाऊ लागले. धुतलेला सदरा, केसांना तेल. गल्लीतली माणसं चेष्टा करत, "काय सर, सासुरवाडीला निघाले का?" सरही हात उंचावून म्हणत, "जावई आहे भई, जावं लागते!" चेष्टा करणाऱ्यांत मीही होते. पण एकदा त्यांच्याबरोबर गेले आणि माझी चेष्टा बंद झाली.

अंगणात सरांना प्लास्टिकची खुर्ची दिली. पाहुण्याला देतात तसा चहा बशीसकट आला. काकू चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. बऱ्याच वेळाने त्या हात पुसत आल्या आणि पायरीवर जरा लांब बसल्या.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"कोणती?"

"पांढरी."

"पांढरी रातची हाय. सकाळची गुलाबी."

"मग गुलाबीच घेतली असेल."

"म्हणजे घेतलीच नाय."

सर खाली मान घालून हसले. काकूही पदर तोंडाशी धरून हसल्या. तेवढ्यात थोरला बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, बस निघून जाईल हं." काकू उठून आत गेल्या.

मग सरांचे गुडघे गेले. बसची पायरी चढवेना. थोरल्याला निरोप पाठवला की आईला दोन दिवस पाठव. केळीची कापणी चालू आहे, मजुरांचं कोण पाहील, असं उत्तर आलं. कापणी संपली, तेव्हा सुनेला बरं नव्हतं. नंतर काही कारणही येईना. काकूंनी एकदा शेजारणीच्या फोनवरून विचारलं, "गुलाबी संपली का?" त्या दिवशी सर गल्लीभर सांगत होते, "तिचा फोन आला होता."

एका दुपारी मी त्यांना वरणफळं द्यायला गेले होते. दोन माणसं घरात शिरली आणि टेप लावून खोल्या मोजू लागली.

"कोणाचं घर पाहून राहिले भई?" सरांनी विचारलं.

"हेच, काका. तुमच्या लहान मुलानेच सांगितलं. विकायचं आहे म्हणे."

सर भिंतीकडे वळले नाहीत. त्यांनी त्या माणसांना पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं आणि मग माझ्यापाशी येऊन बसले.

"मॅडम, एक खोली बघा भाड्याने. दोघांपुरती. पेन्शनमध्ये भागेल."

"सर, मुलांशी एकदा बोला तरी."

"हेन्री आणि त्याची राणी आता थडग्यांवर दगडाचे होऊन शेजारी-शेजारी झोपलेत तिकडे. पण जिवंतपणी त्यांना एका घरात राहता नाही आलं." ते थांबले. "त्यांचं तरी भांडण होतं, मॅडम. आमचं तर तेही नाही."

गावातच लालबाग भागात खोली मिळाली. खाली, पायऱ्या नाहीत, अंगणात नळ. सरांनी भाडं विचारलं नाही की पाण्याची वेळ विचारली नाही. गॅस कुठे ठेवायचा तेवढं पाहिलं आणि खाट कुठे टाकली तर तिथून तो दिसेल, ते पाहिलं. मालकाकडून किल्ली घेतली. बाजारातून दोन ताटं आणली. निरोप जसोंडीला गेला आणि काकूंनी लुगडी भरून ठेवली असंही कळलं. मी मनापासून सांगते, इतका आनंदी म्हातारा मी दुसरा पाहिला नाही.

ज्या दिवशी जायचं, त्या सकाळी तिन्ही मुलं आली. वाटणीपासून एकमेकांच्या दारात न गेलेली मुलं, एका गाडीतून उतरली.

"तीन मुलं असताना आईबाप भाड्याच्या खोलीत?" थोरला म्हणाला. "समाजात तोंड कसं दाखवायचं आम्ही?"

"लोक थुंकतील बाबा आमच्यावर," मधला म्हणाला. धाकटा तर रडायलाच लागला. घर विकत नाही, शप्पथ घेतो, म्हणाला.

"मग आईला इथे आणा," मीच बोलून गेले. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की परक्या बाईने यात का पडावं.

सर तिघांकडे आळीपाळीने पाहत होते. मुलं एकत्र यावीत म्हणून त्यांनी काय काय केलं होतं! ती आज आली होती, एका बाजूला उभी होती, आणि समोर सर एकटे. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"परत करून द्या, मॅडम."

घर विकलं गेलं नाही. काकूही आल्या नाहीत. त्याच थंडीत सर गेले, दुपारी, खाटेवर. सून चहा घेऊन गेली तेव्हा कळलं. काकूंना घेऊन जसोंडीहून जीप आली, तोवर त्यांना अंगणात घेतलं होतं.

तेरावं मात्र दणक्यात झालं. सबंध गल्ली जेवली. थोरल्याला पगडी बांधली. बापाचं किती केलं मुलांनी, असं लोक पंगतीत बोलत होते.

सरांचा एकट्याचा बरा फोटो घरात सापडला नव्हता. म्हणून मधल्याच्या लग्नातल्या एका फोटोतून काकूंना कापून सरांना वेगळं काढलं होतं आणि तो मोठा करून पाटावर ठेवला होता. कापताना फोटोवाल्याचं जरा चुकलं होतं. सरांच्या खांद्याशी हिरव्या लुगड्याची एक पट्टी राहून गेली होती. झेंडूचा हार नेमका तिच्यावर येत होता.

काकू फोटोशेजारी बसल्या होत्या. त्यांनी हात लांबवून हार थोडा बाजूला केला. कोणी पाया पडायला आलं, त्याने हार पुन्हा नीट केला. काकूंनी तो पुन्हा सरकवला. असं चालूच राहिलं. शेवटी मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "काकू, राहू द्या ना आता."

"तो पदर माहा हाय," त्या म्हणाल्या आणि हार पुन्हा बाजूला केला.