कागदाची पट्टी

बारीकरावांचं खरं नाव लोक विसरले होते, आणि चूक बारीकरावांचीच होती. रेल्वेच्या कारखान्यात हाडं झिजवून निवृत्त झालेल्या माणसानं दुपारी सुखानं ताणून द्यावी की नाही? हे मात्र मागच्या खोलीतल्या टेबलावर गावाजवळची सगळी रेल्वेलाईन बारीकसारीक तपशिलासकट उभी करत बसले. काड्यापेटीतल्या काड्यांचे स्लीपर, चाळलेल्या वाळूची खडी, पितळी पट्टीचे रूळ. मालगाडीच्या खऱ्या वाघिणीवर, म्हणजे डब्यावर, पोचा दिसला की टेबलावरच्या वाघिणीलाही पोचा. "तिथं आहे तसंच इथं," हा घरचा कायदा. त्यापायी ते टेप घेऊन खुशाल खऱ्या रुळांवर मापं काढत हिंडायचे.

एकदा पकडले गेले. मुलगा त्याच लाईनवर मालगाडीचा ड्रायव्हर. साहेबानं त्याला बोलावून दम भरला, की बाप पुन्हा रुळांवर दिसला तर नोकरी गेली समज. सून पोटुशी होती. बारीकरावांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, आणि महिन्याच्या आत मोडला. हौस म्हणजे काय चीज असते, ते हौशालाच ठाऊक.

वळणावर बाहेरचा रूळ जरा उंच ठेवतात, म्हणजे गाडी बाहेर फेकली जात नाही. त्या चोरट्या फेरीत पुलापलीकडच्या वळणावर तोच रूळ खचलेला निघाला. बारीकरावांनी घरी येऊन टेबलावरही तो तसाच खचवला. इंजिन जोरात सोडलं की नेमकं तिथं आडवं व्हायला लागलं. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण बोलावं तर चोरी उघडी पडणार. रूळ तपासणारे गँगवाले काय झोपा काढतात, त्यांना दिसेलच, अशी स्वतःची समजूत घालून ते अळीमिळी गुपचिळी बसले.

रविवारी शेजारपाजारची मंडळी गाडी बघायला जमली. सगळ्यांच्या देखत इंजिन आडवं झालं. "बारीकराव, तुमच्या गाडीला घेरी येते वाटतं," शेजारी म्हणाला आणि खोलीभर हशा पिकला. बारीकरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्मात कायदा न मोडलेल्या टेबलावर त्यांनी रुळाखाली कागदाची पट्टी दुमडून सरकवली. गाडी झोकात वळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंडळी गेल्यावर सून पसारा आवरायला आली. गाडी अजून फिरतच होती.

"बाबा, हा कागद कशाला?"

"रूळ खचला होता."

"इथं, की तिथं?"

बारीकरावांनी खिडकीबाहेर, पुलाच्या दिशेनं पाहिलं. सुनेनं फोन त्यांच्या हातात दिला. ड्यूटीवर मुलाचा फोन बंद असायचा, म्हणून त्यांनी स्टेशनात लावला आणि पुलापलीकडचा रूळ खचल्याचं सांगितलं. मास्तरांनी विचारलं, कोण बोलतंय, आणि तुम्हाला कसं कळलं?  म्हाताऱ्यानं स्वतःचं नाव सांगितलं, मुलाचं सांगितलं, रुळांवर गेलो होतो तेही सांगितलं. मास्तर म्हणाले, तुमच्या मुलाचीच गाडी मघाशी सुटली, थांबवता येते का बघतो.

घराजवळून जाताना मुलगा नेहमी दोन शिट्ट्या द्यायचा. त्याच वळणाआधी एक बापासाठी, वळण गेल्यावर एक बायकोसाठी.

पहिली वाजली. सून पोटावर हात धरून खिडकीशी उभी राहिली. टेबलावरची गाडी कागदावरून सुरळीत वळत होती, पुन्हा पुन्हा वळत होती, आणि बारीकरावांना ती बंद करायचंही सुचत नव्हतं.

दुसरी शिट्टी आली नाही.